काकांनी पकडलेली टोळी

काका, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, शिलाई मशीन दुरुस्त करायचे. नुसता आवाज ऐकून बिघाड सांगत आणि जाता जाता मशीनवाल्याची अक्कलही काढत. मग अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला. दुकान दुसऱ्याने घेतलं आणि काका दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडू लागले. दोन घास खायलाही त्यांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत.

मीच त्यांना मोबाइलवर एक प्रश्नोत्तरांची साइट दाखवली. कोणीही विचारावं, कोणीही सांगावं. उत्तर पटलं की लोक गुण देतात. काका डाव्या हाताच्या एका बोटाने शिलाई मशीनच्या प्रश्नांना उत्तरं लिहू लागले. पण लोक मोठे मतलबी! काम झाल्यावर गुण द्यायला कोण थांबतंय? काका म्हणाले, "आता मी फुकटातसुद्धा कोणाला नको."

ते मावशीच्या जिव्हारी लागलं. ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. जेवणाच्या सुट्टीत तिने आपल्या लाइनमधल्या बायकांना गोळा केलं आणि प्रत्येकीला खातं उघडायला लावलं. एकीने प्रश्न टाकायचा, बाकीच्यांनी काकांच्या उत्तराला गुण द्यायचे. "आधी गुण द्या गं, मग डबे उघडा," असा तिचा दम.

काका दाढी करू लागले. भाजीत मीठ कमी म्हणून भांडूही लागले, आणि मावशी ते कौतुकाने ऐकून घ्यायची. गुण वाढले तसं साइटने त्यांना 'जाणकार' केलं. जाणकारांना आणखी एक काम असतं: खोटे गुण वाटणारी खाती शोधून कळवायची.

काका मुळातच नको इतके सरळ. एका संध्याकाळी मावशी घरात शिरते न शिरते तोच म्हणाले, "अख्खी टोळी पकडली! रोज दुपारी एकाच वेळी उगवतात. एक विचारतो, बाकीचे गुण उधळतात. आणि कोणावर? माझ्यावर! कोणीतरी मला गोत्यात आणायला बघतंय. सगळ्यांची तक्रार ठोकली."

मावशी हातातली पिशवी खाली ठेवायचंही विसरली.

दुसऱ्या दिवशी ती सगळी खाती बंद झाली. त्यांचे प्रश्न गेले, प्रश्नांखालची काकांची उत्तरंही गेली. काकांचंही खातं बंद, टोळीचा म्होरक्या म्हणून! "अहो, मीच तर कळवलं," असं काका साइटवाल्यांना लिहीत राहिले. कोण ऐकतंय? शेवटी मावशीला राहवलं नाही. तिने रडत रडत सगळं सांगितलं.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "प्रश्न तरी खरे होते का?"

"खरेच होते हो. आमचीच मशीनं बंद पडायची."

काकांच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. "मग मी सांगितलं तसं केलंत ना? सुरू झाली ना मशीनं?"

इतके महिने मावशीने खोटं रेटलं होतं, पण त्या क्षणी तिला ते जमलं नाही. ती म्हणाली, "तुमचं उत्तर यायच्या आत कारखान्याचा माणूस दुरुस्त करून जायचा."