दादाचा संशय आणि मुक्ताचा गुडघा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघाले होते. "हे गेले गं," ती म्हणाली. झोपेतच, हृदय बंद पडून... आणि माझ्या तोंडून निघालं, "दुसऱ्या डॉक्टरला दाखवलंत का?" ती म्हणाली, "अगदी त्यांच्यासारखं बोललीस."

माझा हा मोठा भाऊ केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त दिल्लीत आला आणि पुढे नोएडात स्थायिक झाला. संशय हा त्याचा स्वभावच. दूधवाला हसला तरी आज पाणी जास्त घातलं असणार, असं त्याला वाटे. त्यामुळे कॉलेजात बास्केटबॉल खेळताना त्याच्या मुलीचा, मुक्ताचा, गुडघा फिरला आणि आतलं लिगामेंट तुटल्याचं निघालं, तेव्हा डॉक्टरांची धडगत नव्हती. सर्जन म्हणाले, आधी सूज उतरू दे, पाय पूर्ण सरळ होऊ दे, मग ऑपरेशन करू. दादाला वाटलं, हे टाळतायत. सूज उतरल्यावर त्यांनी तारीख दिली, तर म्हणाला, आता एवढी घाई कशाची? तिच्याच मांडीमागच्या स्नायूची कंडरा काढून लिगामेंटच्या जागी बसवणार हे ऐकल्यावर तर तो हबकलाच. धड जागेचं काढून बिघडलेल्या जागी लावायचं, मग मांडीचं काय? सर्जननी शांतपणे पुन्हा सगळं समजावलं. त्या शांतपणाचाही त्याला संशय आला. दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, तेव्हा मला फोन करून म्हणाला, "दोघं एकमेकांना ओळखतात वाटतं."

मग एकदा बाथरूममध्ये वळताना मुक्ताचा गुडघा निसटला आणि ती पडली. त्या दिवशी तो एकही शंका न काढता ऑपरेशनला तयार झाला.

ऑपरेशन चांगलं झालं. पुढे कितीतरी महिने व्यायाम चालले. दादा समोर खुर्ची टाकून फिजिओथेरपिस्टच्या हातांकडे बघत बसायचा. शेवटी सर्जन म्हणाले, गुडघा आता पक्का आहे. पण मुक्ताला ते पटेना. जिना चढायची, उतरताना मात्र थिजून उभी राहायची. एका रविवारी मी तिथेच होते. वरच्या पायरीवरून तिने विचारलं, "बाबा, सच सच सांगा, तुम्हाला याचा भरवसा आहे?"

तो हो म्हणेल असं मला वाटलं. त्याने बराच विचार केला.

"नाही," तो म्हणाला. "मला अजून शंका आहे. पण मी खाली उभा राहतो. तू ये."

हात अर्धवट पुढे करून तो उभा राहिला आणि ती एकेक पायरी उतरत आली... खाली पोचल्यावर त्याने तिचे दोन्ही गुडघे चाचपून पाहिले. "ठीक वाटतंय. उद्या परत बघू."

मुक्ता आता पुन्हा खेळते.

गेल्या आठवड्यात मी वहिनीकडे गेले होते. आम्ही तिघी बाहेर निघालो. मुक्ताने दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, लिफ्टपर्यंत गेली आणि परत येऊन पुन्हा ओढलं. दादाही असंच करायचा.

"लागलंय गं," वहिनी म्हणाली.

"हो," मुक्ता म्हणाली, आणि तिने ते आणखी एकदा ओढून पाहिलं...