अंदाजेबाई आणि चार एकोणतीस

शाळेतली मुलं त्यांना अंदाजेबाई म्हणतात, आणि त्यांना ते ठाऊक आहे. बीजगणित फळ्यावर लिहून झालं की त्या खडू खाली ठेवतात, हात झटकतात आणि म्हणतात, "सोडवू नका. आधी अंदाज सांगा. उत्तर कुठे राहत असेल? शंभराच्या अलीकडे की पलीकडे?" वर्ग गप्प होतो. उत्तर चुकायची सवय सगळ्यांना असते, अंदाज चुकायची कुणाला नसते.

मुख्याध्यापक एकदा जिन्यात भेटले. "बाई, बाकीच्यांची उजळणी सुरू झाली. तुमचा पोर्शन अंदाजे कधी संपेल?"

"अंदाजे वेळेत," बाई म्हणाल्या. दोघंही हसली. मुख्याध्यापक जरा कमी.

त्या वर्षी बाईंच्या थोरल्या बहिणीची मुलगी, बबडी, बीजगणितात नापास झाली. फक्त बीजगणितात. सुट्टीतल्या फेरपरीक्षेत पास झाली नाही, तर दहावीनंतरचा नर्सिंगचा प्रवेश हातचा जाणार होता. बबडीला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. घरात कुणाचा गुडघा फुटला की पट्टी हीच बांधायची, आणि कुणाचाच फुटला नाही तर टेबलाच्या पायाला बांधायची.

"तूच बघ बाई हिचं," ताई म्हणाली. "ढीगभर गणितं करून घे, पाठ झाली की सुटलो."

शाळेच्या प्रयोगशाळेमागे अडगळीची खोली आहे. मोडकी बाकं, गुंडाळलेले नकाशे, एक पाय लुळा झालेला फळा. तिथे मावशी-भाची बसू लागल्या.

बबडीला नियम सगळे पाठ होते. "इकडचं तिकडे गेलं की चिन्ह बदलतं."

"का गं?"

"गेलं म्हणून."

"कसं गेलं? चालत की बसने?"

बबडी हसली नाही. निकाल लागल्यापासून ती हसतच नव्हती. बाईंनी अशी पुष्कळ मुलं पाहिली होती. परक्या घरात दिवे गेल्यावर माणूस भिंत धरून चालतो, तशी ती नियम धरून चालतात. भिंत संपली की तिथेच उभी राहतात.

"बरं, फळ्यावर एकोणतीस लिही."

बबडीने ३९ लिहिलं. मावशीचा चेहरा बघून घाईघाईने पुसलं, २९ केलं. "कानात तीसच येतं गं."

"येऊ दे की. पण आख्खा शब्द ऐक. एकोण तीस. एकाने उणे तीस. वजाबाकी त्या शब्दाच्या पोटातच आहे. रोज बोलतेस, दिसली नाही कधी?"

बाईंनी कोपऱ्यातून अंड्यांचे पुठ्ठ्याचे चार ट्रे काढले. एकेका ट्रेत तीस खळगे. त्यांत खडूचे तुकडे भरले होते, प्रत्येकात शेवटचा एक खळगा मात्र रिकामा.

"चार एकोणतीस किती? अंदाज."

"एकशेवीसच्या आसपास. अलीकडे." बबडी थांबली. "एकशेएकोणीस."

"एकच कमी?"

"एकोण म्हणजे एक कमी. तूच म्हणालीस."

"रिकामे खळगे मोज."

"मावशी, मी दहावीची आहे. बालवाडीची नाही."

"नर्स होणार ना? चार पेशंट. प्रत्येकाला एकेक गोळी कमी पडली, आणि तू एकच आणलीस. उरलेले तिघं काय करतील?"

"माझ्याकडे बघत बसतील," बबडी म्हणाली आणि खुदकन हसली. मग तिने एकेका रिकाम्या खळग्यात बोट घातलं. चौथ्या ट्रेपाशी ती पुटपुटली, "एकशेसोळा."

बाईंनी फळ्यावर ४(३० − १) लिहिलं. मग फक्त तीस पुसलं आणि तिथे क्ष लिहिला. "खळगे किती ते आता ठाऊक नाही. पण रिकामा खळगा तिथेच आहे. चारही ट्रेत."

कंस म्हणजे बबडीला आजवर नुसतं कुंपण वाटायचं. ती बराच वेळ आत बघत राहिली.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा ताई त्या खोलीत डोकावली. "अजून अंडीच चाललीत का गं तुमची? गणितं कधी करणार?"

"हीच गणितं आहेत, ताई."

"तुझं ठीक आहे. वर्ष तिचं जाईल."

आपण वेळ घालवला नाही ना, हा प्रश्न बाईंच्याही मनात त्या रिकाम्या खळग्यांसारखा बसून होता. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रे पुन्हा मांडले.

परीक्षेच्या दिवशी बबडी फाटकाबाहेर आली ती थेट म्हणाली, "मावशी, शून्य आलं होतं."

बाईंच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. "कशाचं?"

"मुलीचं वय. बाप तिच्या तिप्पट, आणि पाच वर्षांपूर्वी चौपट. वय आलं शून्य! म्हटलं, ही अजून जन्मलीच नाही, आणि पाच वर्षांपूर्वी बाप हिच्या चौपट कसा? तिथेच हसू फुटलं. पर्यवेक्षकांनी डोळे वटारले. मग दिसलं. चार कंसात क्ष उणे पाच, आणि मी पाच एकदाच वजा केले होते. एकाच ट्रेतले."

"मग?"

"चारही ट्रेतले काढले. मुलगी पंधरा, बाप पंचेचाळीस. पाच वर्षांपूर्वी दहा आणि चाळीस. पण मावशी, त्यात वेळ गेला. शेवटची दोन गणितं राहिली."

निकालाच्या दिवशी बाई अडगळीच्या खोलीत फळा पुसत होत्या. बबडी दारात आली, फोन पाठीमागे धरून.

"किती गं?"

"आधी अंदाज सांग."

"बबडे, चेष्टा नको."

"पासाच्या अलीकडे की पलीकडे?"

वर्ग का गप्प होतो ते बाईंना आता कळत होतं.

बबडी आत आली. मावशीच्या हातातला खडू घेऊन तिने ओल्या फळ्यावर ३९ लिहिलं.

"पासाला पस्तीस लागतात," ती म्हणाली. "आणि हे एकोणचाळीस आहेत हं. एकोणतीस नव्हे."