दोन बोटं जागा

नगरच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी डिझाइन करते. पॅनेल म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालू-बंद करणारं लोखंडी कपाट. त्याचं ड्रॉइंग माझं आणि वायरिंग आमच्या जुन्या वायरमनचं, चाचांचं. चाचांनी या कामात केस पांढरे केले होते. वायर कुठून वळवायची, पेच किती आवळायचा, हे मी कॉलेजात नाही, त्यांच्याकडून शिकले.

गेल्या वर्षी नेवाशाजवळच्या एका पशुखाद्य कारखान्याचं काम आलं. दोन यंत्रांमधल्या अरुंद खांबावर मावेल एवढंच पॅनेल त्यांना हवं होतं. आमच्या साहेबांनी मला न विचारताच होकार देऊन टाकला. आत सगळ्या पॅनेलला वीज पुरवणारा चोवीस व्होल्टचा पॉवर सप्लाय बसवायचा होता. नेहमीचा रुंद सप्लाय मावेना, म्हणून मी कॅटलॉग चाळून एक सडपातळ निवडला. ताकद तेवढीच, रुंदी निम्मी. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की पन्नास अंशांच्या वर तो पूर्ण भार पेलणार नाही आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी. ते मी वाचलं होतं. जागा सोडूनच पहिलं ड्रॉइंग काढलं होतं.

"मग रिलेचे स्विच कुठे बसवणार?" साहेब म्हणाले. "चिकटवून टाका सगळं. कोण बघतंय?"

मी नवं ड्रॉइंग काढलं आणि खाली सही केली.

चाचांनी सप्लाय हातात घेऊन पाहिला. "ताई, ह्यो लई तापनार. पत्र्याची शेड हाय तिथं. दोन बोटं तरी जागा ठेवा दोन्हीकडं."

"चाचा, ड्रॉइंगप्रमाणे करा," मी म्हणाले. इतक्या तुटकपणे मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. त्यांनी मान हलवली आणि ड्रॉइंगप्रमाणे केलं.

हिवाळ्यात पॅनेल उत्तम चाललं. एप्रिलात मात्र रोज दुपारी सगळा कारखाना जागीच थांबू लागला. अर्ध्या तासानं आपोआप सुरू व्हायचा, पुन्हा थांबायचा. शेवटी कारखान्याच्या मॅनेजरनं आम्हा तिघांना बोलावून घेतलं. पॅनेलचं दार उघडलं तर आतून तव्यासारखी धग आली. मला काय ते कळलं: सप्लाय तापून बंद पडत होता.

"वायरिंग लूज आहे," साहेबांनी मॅनेजरला सांगून टाकलं. "आमच्या वायरमनचं वय झालंय. हात थरथरतात."

चाचांचे हात थरथरत नव्हते. ते पेचकस घेऊन पुढे झाले आणि मॅनेजरसमोर एकेक पेच आवळून दाखवू लागले. एकही फिरला नाही. मग ते वळले आणि माझ्याकडे पाहत उभे राहिले. कॅटलॉग माझ्या बॅगेत होता. ते पान उघडून पुढे धरायचं, एवढंच करायचं होतं. मी बॅगेचा पट्टा धरून उभी राहिले.

साहेबांनी चाचांना सोमवारपासून कामावर येऊ नका म्हणून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात खांबाशेजारी एक वेगळी पेटी बसवून मी त्यात रुंद सप्लाय घातला, दोन्ही बाजूंना भरपूर जागा सोडून. यंत्रं थांबायची बंद झाली. "वायरिंग नव्यानं करून घेतलं," साहेब मॅनेजरला म्हणाले. तेव्हाही मी तिथेच उभी होते.

महिन्याभरानं चाचांच्या घरी गेले. ते आता घरीच पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. त्यांनी चहा ठेवायला सांगितला, तब्येत विचारली. मी रडत रडत सगळं सांगितलं. ते पान, ती सही, चूक माझी होती, सगळं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ह्ये मला ठाऊकच हुतं, ताई. जे मला ठाऊक हाय ते मला सांगून काय उपेग? तिथं सांगायचं हुतं."

मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ द्या. ते तसं म्हणाले नाहीत. दाराबाहेर माणूस मोटार घेऊन थांबला होता, ते उठून त्याच्याकडे गेले.

त्यानंतर मी कुणाला काही सांगितलं का? नाही. आता मी डिझाइनची प्रमुख आहे. ड्रॉइंगवर माझीच सही असते, आणि नवा वायरमन मला कधीच काही विचारत नाही.