विहिरीतल्या बाईच्या आधीचा देव

सिनेमातल्या ज्या भुतामुळे आमच्या पिढीने रात्री एकट्याने मोरीत जाणं सोडलं, त्या विहिरीतल्या बाईवर आता टीव्ही मालिका येतेय. तीही पूर्वकथा. म्हणजे बाई भूत होण्याआधी काय करत होती? माझ्या मते सासूचं ऐकून घेत होती, पण मला कोण विचारतो!

मला विचारलं ते मामाने. हा माझ्या आईचा धाकटा भाऊ, दौंडला रेल्वेत पेंटर होता. "शिरूरकडं त्याच जाग्यावर शूटिंग चाललंय. चल, माझा धोंडा बघून येऊ," तो फोनवर म्हणाला. जुन्या सिनेमात बाईचं भूत विहिरीपाशी एका शेंदऱ्या धोंड्याखाली बंद करतात. तो धोंडा तरुण मामाने रजा टाकून बनवला होता, आत जाळी आणि वर सिमेंट. टायटलमध्ये नाव देऊ म्हणाले होते. सिनेमात चहावाल्याचं नाव आलं, मामाचं नाही. तेव्हापासून टीव्हीवर तो सिनेमा लागला की मामा जेवण सोडून उठतो.

पुण्याहून डेमू लोकलने दौंडला मामाकडे गेले. तिथून थेट शिरूरच्या गाडीची वाट बघत बसू नका. पाटसमार्गे चौफुला गाठा, तिथून न्हावऱ्याची एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट आहे, हे मामाने कंडक्टरला माझ्या आधीच सांगितलं. गाळपाचे दिवस असल्यामुळे रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांच्या मालकीचा होता. हॉर्न वाजवून काही होत नाही, त्यांच्या गाण्यांचा आवाज मोठा असतो. न्हावऱ्याला फाट्यावर मिसळ खा, फक्त तर्री जपून मागा. मी नाही जपले. पुढे गावापर्यंत जीपमध्ये मी एक शब्द बोलले नाही.

विहिरीपाशी पोचलो तर शूटिंग ठप्प. एका बाजूला युनिट, दुसऱ्या बाजूला गाव आणि मध्ये धोंडा. सिनेमावाले तेव्हा तो तिथेच टाकून गेले, गावाने त्याला तेल-शेंदूर लावला आणि आता चैत्रात त्याची जत्रा भरते. मालिकेत बाई अजून जिवंत, त्यामुळे धोंडा तिथे नसायला हवा. दिग्दर्शिका जेमतेम तिशीची, रडकुंडीला आलेली. ती म्हणाली, "हलवत नाही, फक्त कॉम्प्युटरवर पुसते." त्यावर पूजा करणारी सखूआजी उसळली, "देव पुसायचा? तुझ्या घरचा पूस जा!"

मामाने हळूच दिग्दर्शिकेला आपली ओळख सांगितली. तिचा चेहरा उजळला. "काका, हे तुम्हीच त्यांना सांगा ना! मालिकेच्या टायटलमध्ये तुमचं नाव पहिलं टाकते."

मामाने शर्टाची कॉलर नीट केली. इतक्या वर्षांनी संधी आली होती.

"आजी, ह्यो देव न्हाई," मामा म्हणाला. "ह्यो म्या केलाय. सिमेंटचा हाय."

आजीने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग? देव काय आभाळातनं पडत्यात व्हय? कुणीतरी घडवल्याबिगर कसा येईल? तुम्ही व्हय त्ये? इतकी वर्सं कुठं व्हता?"

मग पुसायचं की नाही, हे देवालाच विचारायला आजीने कौल लावला. ओल्या धोंड्यावर दोन पाकळ्या चिकटवल्या, उजवी आधी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नाही. कॅमेरामनसुद्धा श्वास रोखून बघत होता. डावी पडली.

दिग्दर्शिका लेखकाशी फोनवर बराच वेळ भांडली. शेवटी ठरलं की धोंडा राहील, कथा बदलेल, बाई जिवंतपणी त्यालाच नवस बोलेल. मामाच्या नावाचा विषय कोणी काढला नाही. तो धोंड्यासमोर उकिडवा बसून म्हणाला, "डोळे चांगले कोरले व्हते गं म्या. शेंदरात पार बुजले." मला त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात आजीने नारळ आणून त्याच्या हातात दिला. "जत्रंला पयला नारळ आता तुमचा. दरसाल यायचं, आप्पा. न्हाई आला तर माणूस धाडू."

मामाने नारळ फोडला आणि स्वतःच केलेल्या धोंड्याला वाकून नमस्कार केला. मी फोटो काढला, तो हलला, कारण माझेच डोळे भरले होते.

परत येताना मी शिक्रापूरमार्गे आले, ती चूक करू नका. ट्रकांच्या गर्दीत दुपार गेली. या सगळ्या फेऱ्यातून बरोबर काय आलं म्हणाल, तर खोबऱ्याचा एक तुकडा. तो मी अजून खाल्लेला नाही.

काल मामीचा फोन होता. टीव्हीवर तो सिनेमा लागला आणि मामा उठला नाही. धोंडा दिसल्यावर चप्पल काढून बसला. मामी त्याला म्हणाली, "तुमच्या हातचा देव नवसाला पावतो ना, मग तुमचं घोरणं थांबवायला सांगा त्याला." मामा तिला म्हणाला, "गप. चैत्रात सदरा कुठला घालू, तेवढं सांग."