रांगोळीतली सात घरं

अन्याय मनीषावर झाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, चोपड्याकडच्या एका गावात, शाळेच्या पटांगणावर. करणारा मी.

मनीषा वीस वर्षांची. बारावी करून केळीच्या कामाला जायची. आमची संस्था गावागावांत तरुणांची आपत्ती पथकं उभी करते. मी त्यासाठी जळगावातल्या मेहरूणहून मोटरसायकलवर जायचो. 'नेतृत्व तरुणांच्या हाती' हे पत्रक मीच लिहिलेलं. तिनं ते वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "भाऊ, प्रमुख म्हंजे पहिले कोनकडे जावानं ते सांगनारा ना? मंग मी व्हसू."

तिची एक खोड होती. कुणाच्याही घरी गेली की माणसांआधी खाटा मोजायची. कोण कुठं निजतं, कुणाला उठायला हात लागतो, कुणाला ऐकू येत नाही, सगळं पाठ. त्यावरून तिनं पटांगणावर गावाचा नकाशा काढला. रांगोळीचे रस्ते, निळीचा नाला, आणि ज्या घरात चालता न येणारं माणूस, तिथं हरभऱ्याचा दाणा. एक दाणा कोंबडीनं टिपला, तर म्हणाली, "आजी गयी. दुसरी ठेवा." सगळं पटांगण हसलं.

नाल्यापलीकडे तिनं सात घरं काढली होती. डोंगरातून मजुरीला आलेल्यांच्या झोपड्या. मी म्हटलं, ही पंचायतीच्या यादीत नाहीत. ती म्हणाली, "यादीमा नहीत, पन पानीना रस्तामा शेतस."

त्या दिवशी तालुक्याचे साहेब पथक बघायला येणार म्हणून मी जळगावहून फ्लेक्सवर छापलेला नकाशा आणला. पंचायतीच्या यादीवरून केलेला. सात घरं त्यात नव्हती. प्रमुख नेमला सरपंचांचा पुतण्या, कारण तो माइकवर धडाधड बोलायचा, आणि मनीषा साहेबांसमोर 'आहे'च्या जागी 'शे-शे' करील याची मला लाज वाटली. खुर्च्या मांडायच्या होत्या. मी तिच्याच हातात झाडू दिला. तिनं दाणे वेचून ओढणीच्या टोकाला बांधले आणि नकाशा झाडून टाकला. फ्लेक्ससमोर फोटो झाले, त्यात ती नाही.

पाच दिवसांनी भरदुपारी नाल्याला पूर आला. गावात लख्ख ऊन. पाऊस वर सातपुड्यात झालेला. पंचायतीत बसून मी पथक हलवत होतो. फ्लेक्सवरचं एकेक घर रिकामं होत होतं आणि मी स्वतःवर खूश होतो. तेवढ्यात मनीषाचा फोन आला. सहा झोपड्यांतली माणसं तिनं बांधावर काढली होती. सातवीत एक म्हातारी अडकली होती, चालता न येणारी.

"भाऊ, मन्हाथीन एकलीथीन उचलात नही. दोन जन धाडा, दोर धाडा."

मी म्हणालो, आधी यादीतली घरं होऊ दे.

दोर माझ्या पायाशी पडलेला होता.

मनीषा छातीएवढ्या पाण्यात म्हातारीचा हात धरून उभी राहिली. मग तो सुटला. दुसऱ्या दिवशी म्हातारी खालच्या केळीबागेत सापडली. त्या संध्याकाळी मी अहवालात 'पथकाची तत्पर कामगिरी' असं लिहिलं. वाक्य अजून तसंच आहे.

पुढे मी तिची माफी मागायला गेलो. ती केळीच्या पट्टीत खत टाकत होती, थांबली नाही. "माले काय सांगतस? तिना नातूले जाईसन सांगा."

तो नातू डोंगरात परत गेला. पाड्यापर्यंत रस्ता आहे, माझ्याकडे मोटरसायकल आहे. मी अजून गेलेलो नाही.

तुमच्या गावातही असं पथक असेल. येत्या ग्रामसभेत उठा आणि विचारा, प्रमुख कुणाच्या शिफारशीनं नेमला. पावसाळ्याआधी जी पोरं-पोरी घरोघर फिरतात, त्यांच्यातल्या एकाचं नाव ठरावात घालायला लावा आणि सह्या होईस्तोवर जागचे हलू नका. माझ्यासारखा कुणी शहरातून येऊन 'नंतर बघू' म्हणाला, तर त्याला तिथंच खाली बसवा.