मास्तरांना चालवत न्हाई

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, चर्चमध्ये गुडघे टेकले तेव्हाही नाही. तुम्हाला सांगते.

लढाईचे दिवस होते. नगरच्या इस्पितळात नर्सिंग शिकून मी संगमनेरला एका म्हाताऱ्या मास्तरांची शुश्रूषा करायला राहिले. त्यांना कंपवात होता. हात थरथरायचे, चेहरा हलायचा नाही, आवाज इतका बारीक की ओठांशी कान न्यावा लागे. मुलगी सुशीलाबाई शाळेत शिकवायच्या. दिवसभर घरात आम्ही दोघंच.

उंबऱ्यापाशी आलं की मास्तरांचे पाय जमिनीला चिकटायचे. ओढलं तर पडायचे. मग मला एक युक्ती सापडली — पावलांपुढे काठी आडवी ठेवायची. ती ओलांडायला पाय बरोबर उचलायचा! असं करत करत आम्ही अंगणातल्या लिंबापर्यंत जायचो. तिथं बसून ते रस्त्यावरच्या बैलगाड्या बघायचे. तास जायचा. तेवढीच त्यांची हौस.

काम फार होतं म्हणू का? होतं. पण खरं सांगू? मला कंटाळा आला होता — त्या तासाचा, पावलापावलाला वाकण्याचा.

एका सकाळी निघता निघता सुशीलाबाईंनी विचारलं, "रूथबाई, बाबा चालतात ना रोज?"

"न्हाई बाई. मास्तरांना आता चालवत न्हाई. पडतील. पलंगावरच असू द्या."

मास्तर समोर खुर्चीत होते. त्यांचे ओठ हलले. शब्द यायला त्यांना वेळ लागतो, हे मला ठाऊक होतं — म्हणूनच तर मी बोलले, नाही का? सुशीलाबाई उशीर झाला म्हणून गेल्यासुद्धा. मग मी कान नेला.

"चालतो मी," मास्तर म्हणाले.

मी त्यांना पलंगावर निजवलं आणि चादर सारखी केली.

अंग आखडत गेलं. पाठीला जखमा झाल्या. त्या मी रोज धुतल्या — अगदी शिकवल्याप्रमाणे. मी जवळ गेले की ते डोळे मिटून घ्यायचे. संध्याकाळी सुशीलाबाई येईपर्यंत त्यांचा आवाज पार खोल गेलेला असायचा, आणि त्यांचं म्हणणं बाईंना मीच सांगायची. पहिल्या पंधरवड्यात कुठल्याही सकाळी त्यांना उठवता आलं असतं. पण मग माझं खोटं उघडं पडलं असतं. नाही उठवलं.

चार महिन्यांत मास्तर गेले.

दफनानंतर सुशीलाबाईंनी सगळ्यांदेखत माझे हात धरले. म्हणाल्या, "पोटच्या लेकीला जमलं नाही, ते रूथबाईंनी केलं."

मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःख आहे. मी तसं वाटू दिलं.