झबल्यातले राजा-राणी

दसऱ्यात म्हैसूरला येणारे पाहुणे राजवाड्याचे दिवे आणि हत्ती बघून खूश होऊन परत जातात. जाऊ देत बापडे. आमच्या चामराजपुरमच्या गल्लीत खरा दसरा दिवेलागणीला, घरोघरी पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांपुढे होतो. त्याला तिकीट नसतं, फक्त एक गाणं म्हणावं लागतं. बाहुल्या बघायला आलेल्यानं गायलंच पाहिजे, आवाज कसाही असो, हा इथला रिवाज. मग हातावर हरभऱ्याची उसळ पडते.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यांवर बसून आले, असं वडील अभिमानानं सांगायचे. त्यांच्यापुढचे आम्ही सगळे सायकलवाले. घरात मराठी बोलायचो, पण ती ऐकून माझ्या वहिनीनं लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, की तुम्ही नक्की बोलता काय? वहिनी सांगलीची, हळदीच्या व्यापाऱ्याची मुलगी. राज्याचं नाव तेव्हा नुकतंच कर्नाटक झालं होतं, मी कॉलेजात जात होते, आणि दादाला सरकारी नोकरी लागली होती.

वहिनीचं मन काही इथं रमेना. भाकरी नाही, आमटी नाही, जिथं तिथं खोबरं. शेजारणी येऊन भडाभडा कन्नड बोलत आणि ही नुसती हसून मान हलवी. पलीकडच्या शिंप्याच्या बायकोशी तेवढं तिचं जमलं, कारण त्यांच्या दख्खनी उर्दूत ‘नक्को’ होतं, ‘हौ’ होतं आणि हातवारे भरपूर होते. पण एका मैत्रिणीवर संसार होत नाही. तिनं दादाला स्वच्छ सांगून टाकलं होतं, बेळगावकडे बदली मागा. आणि आता मी माहेरी गेले की बदली होईपर्यंत परत यायची नाही. आमच्या घराच्या भिंती पातळ. आईनं ते ऐकलं, आणि तेव्हापासून तिच्या ताटातला भात निम्मा झाला. दादा तिचा एकुलता एक मुलगा. मला वहिनी मनापासून आवडायची, आणि तिचा रागही यायचा.

तशात तिचं पहिलं नवरात्र आलं. आमच्याकडे लग्नात मुलीला माहेरहून राजा-राणीच्या बाहुल्यांची जोडी देतात. दर नवरात्रात ती सगळ्यांत वरच्या पायरीवर बसते, बाकीची बाहुल्यांची प्रजा खाली. आईची जोडी लाल लाकडाची, जरीचे कपडे घातलेली. सांगलीला ही पद्धत कुणाच्या गावीही नव्हती, तेव्हा वहिनी आली ती हात हलवत. आई म्हणाली, ‘परवागिल्ला, चालतंय, त्यांच्याकडे नसतं ते.’ पण येणारी प्रत्येक बाई सुनेची जोडी कुठली म्हणून विचारणार, हे वहिनीला कळलं आणि माहेराचा अभिमान जागा झाला. दादाच्या ओळखीचे एकजण सांगलीला निघाले होते. त्यांच्याकरवी तिनं निरोप धाडला, की बाहुल्यांची जोडी हवी आहे, दसऱ्याच्या आत, विसरू नका.

नवरात्राच्या पहिल्याच दिवशी तिचे वडील स्वतः येऊन उभे राहिले. पिशवीतून त्यांनी लाकडी बाहुला-बाहुली काढली. बाहुल्याला फेटा, बाहुलीला नऊवारी, रंग असा चकचकीत की नजर ठरेना. मग त्यांनी लाजत लाजत दुसरं गाठोडं सोडलं. त्यात दुपटं होतं, टोपडं होतं, आणि जुन्या मलमलीची छोटी छोटी झबली होती. नव्या नवरीनं घाईघाईनं बाहुल्या मागवल्या म्हटल्यावर सांगलीला त्याचा एकच अर्थ निघाला होता. वहिनीच्या आईनं जागून झबली शिवली होती आणि नवऱ्याला पिटाळलं होतं, की पोरीला पहिल्या बाळंतपणाला घेऊनच या.

आई त्या झबल्यांकडे बघत म्हणाली, ‘अय्यो, हिनं राजा-राणी मागितली होती की, राजपुत्र नव्हे.’ दादासुद्धा हसला. वहिनी मात्र लाल होऊन आत निघून गेली. तिचे वडील ओशाळले, आणि सावरून म्हणाले की आलोच आहे तर दसरा झाला की हिला दिवाळीला घेऊन जातो. आमचं हसू तिथल्या तिथे विरलं. ती गेली की काय होणार, हे त्या खोलीत त्यांच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी समोरच्या घरातल्या अय्यंगार आजी आल्या. बाहुल्यांच्या बाबतीत गल्लीत त्यांचा दरारा होता. वरच्या पायरीवर आईच्या जोडीशेजारी फेटेवाला बघून त्या बराच वेळ थांबल्या. हा कुठला राजा, म्हणून त्यांनी कन्नडमधून विचारलं. सांगलीचा, असं आईनं सांगितलं. मग तो पाहुणा आहे, आधी त्याला ओवाळा, असा त्यांनी निकाल दिला. आणि राजाला आणणाऱ्यानं गायलं पाहिजे. व्याह्यांना पाठ येत होती ती एक भूपाळी. भर तिन्हीसांजेला त्यांनी देवाला झोपेतून उठवलं. शिंप्याच्या मुली फिदीफिदी हसल्या, म्हणून त्यांच्या आईनं त्यांना दटावलं आणि भरपाई म्हणून स्वतः एक गाणं म्हटलं. तिसऱ्या दिवसापासून व्याही दिवे लागायच्या आधीच टोपी घालून दारात खुर्ची टाकून बसू लागले. कोण येतं, कुठल्या भाषेत गातं, याची त्यांना गोडीच लागली. हळदीकुंकवाच्या ताटातली हळद बोटांवर चोळून ते आपल्या सांगलीच्या हळदीचं कौतुक करत, पण विड्याच्या पानाला आणि मोगऱ्याला त्यांनी बिनशर्त मान तुकवली.

मधे एक दिवस दादा त्यांना बैलकुप्प्याला घेऊन गेला. पिरियापट्टणपर्यंत तंबाखूची शेतं, आणि पुढे एकदम तिबेटी निर्वासितांची वस्ती आणि मठ. रात्रीच्या जेवणाला व्याह्यांनी सांगितलं, की तिथं चहाच्या टपरीवर एक तिबेटी म्हातारी भेटली, टपरीवाल्याशी कन्नडमध्ये घासाघीस करत होती. देश सोडून, डोंगर चढून आली, आता मका पिकवते, आणि टपरीवाल्याला हटत नाही. मग भात कालवता कालवता ते वहिनीला म्हणाले, ‘तू तर नुसती आगगाडीत बसून आलीस गं.’ मला वाटलं, आता ही ताटावरून उठणार. ती उठली, पण वडिलांना सार वाढायला.

विजयादशमीच्या संध्याकाळी बाहुल्यांना आडवं करून झोपवतात. दुसऱ्या दिवशी त्या जुन्या कपड्यांत गुंडाळून वर्षभरासाठी ट्रंकेत जातात. ज्याची त्यानं आपली जोडी उचलायची. त्याच दुपारी व्याह्यांची गाडी होती, वहिनीची बॅग दारात भरून ठेवलेली. आईनं आपले राजा-राणी गुंडाळले आणि वहिनीची जोडी तिच्यापुढे केली. माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना. आई म्हणाली, ‘तुझी आहे, तू ने. जिथं तू असशील, तिथं मांड.’

वहिनीनं जोडी हातात घेतली. आत गेली आणि ते गाठोडं घेऊन आली. एका झबल्यात तिनं राजाला गुंडाळलं, दुसऱ्यात राणीला. टोपडं राजाच्या फेट्यावरून ओढलं आणि दोघांना आईच्या जोडीशेजारी ट्रंकेत निजवलं.

मग वडिलांकडे वळून म्हणाली, ‘बाबा, भाऊबीज झाली की मला लगेच आणून सोडा. पुढच्या वर्षी ह्यांना उठवायला मी नको का इथं?’

आई घाईघाईनं स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले, तर ती डब्यातल्या तांदळात हात घालून उभी होती आणि रडत होती. त्या दिवशी तिनं दुपारच्याला तांदूळ जास्तच घेतले. वहिनी दिवाळीनंतर परत आली.

झबली मात्र दोन वर्षं राजा-राणीनंच वापरली. तिसऱ्या वर्षी त्यांना ती माझ्या भाचीसाठी सोडावी लागली.